सीपॅपचा मास्क अंगवळणी पडताना

स्लीप स्टडीचा, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास तपासणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट आला की डॉक्टर त्यातल्या एका आकड्याभोवती पेनने गोल करून दाखवतात. त्याला एएचआय म्हणतात. झोपेच्या दर तासाला तुमचा श्वास किती वेळा पूर्ण थांबला किंवा बराच कमी झाला, याची ती सरासरी. 5 च्या आत असेल तर चिंता नाही, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र. मोजणीत धरायला श्वास किमान 10 सेकंद अडलेला असावा लागतो. ज्याचा आकडा 40 आहे, त्याचा श्वास रात्रभर दर दीड मिनिटाला एकदा अडतो. सकाळी तोच माणूस चहा घेत सांगतो, ‘मला तर पडल्या पडल्या झोप लागते.’

तक्रार असते ती शेजारी झोपणाऱ्याची. आपल्याकडे मोठ्याने घोरणं म्हणजे गाढ झोप, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, त्यामुळे ही तक्रार कुणी मनावर घेत नाही. 2022 च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत झोपेत घसा मिटून श्वास अडण्याचा आजार, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया होता, आणि बऱ्याच घरांत हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं गेलं.

असो. समजा तुमचं निदान झालंय, डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लिहून दिलंय, खोकं घरी आलंय. हा लेख त्यापुढचा आहे. मी स्वतः हे मशीन लावून झोपतो, त्यामुळे ओळखीत कुणाकडे नवं मशीन आलं की पहिल्या आठवड्यात मला फोन येतो आणि वाक्य ठरलेलं असतं: ‘मला नाही मानवत हे मशीन.’ मी मशीनबद्दल काही विचारतच नाही. मास्क कोणता, कुठून हवा सुटते, पट्टा किती आवळलाय, एवढंच विचारतो. बहुतेकांचं दुखणं तिथेच निघतं, आणि ते दुरुस्त होण्यासारखं असतं. दात-ओठ खाऊन सोसत राहिलेली माणसंच पुढे मशीन कपाटावर ठेवून देतात.

घशात नेमकं काय होतं

नाकाच्या मागच्या बाजूपासून स्वरयंत्रापर्यंतचा घशाचा भाग मऊ असतो. खालच्या श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, तसा इथे नाही. जागेपणी स्नायू हा रस्ता ताणून उघडा ठेवतात. झोपेत ते सैलावतात, जीभ मागे सरते, टाळूचा मऊ भाग खाली येतो. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीला तोंड लावून आतली हवा ओढली तर तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात, आणि जितकं जोरात ओढावं तितक्या घट्ट चिकटतात. अरुंद घशात श्वास घेताना तेच होतं. आधी भिंती थरथरतात, ते घोरणं. मग त्या मिटतात, तेव्हा घोरणं एकदम थांबतं. बाजूच्याला हायसं वाटतं, पण खरी काळजी त्या शांततेचीच करायला हवी.

रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो आणि काही सेकंदांपुरतं तुम्हाला जागं करतो. मोठा फुरकारा, श्वास सुरू, पुन्हा झोप. हे जागं होणं लक्षात राहत नाही. पण प्रत्येक वेळी नाडी आणि रक्तदाब उसळी घेतात. गोळ्या चालू असूनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल तर डॉक्टर घोरण्याबद्दल विचारतात, ते याचसाठी.

सीपॅप या घशात सतत थोडा दाब राखून भिंतींना आतून टेकू देतं. काम एवढंच. त्यात ऑक्सिजन नसतो, खोलीतलीच हवा गाळून आत सोडलेली असते. ते व्हेंटिलेटरही नाही, श्वास तुमचा तुम्हीच घेता. शेजारपाजारचे ‘ऑक्सिजनवर आहात का?’ असं दबक्या आवाजात विचारतात, त्यांना हे एकदा सांगून टाकावं.

दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढा. मशीन 4 ते 20 पर्यंत दाब देऊ शकतं. वातावरणाचा दाब याच मापात हजाराच्या थोडा वर भरतो, म्हणजे 10 हा दाब जेमतेम एक टक्का. तरी पहिल्या रात्री तो अंगावर आल्यासारखा वाटतो, कारण आयुष्यभर आपण श्वास सोडताना कशाच्या विरुद्ध सोडलेला नसतो. इथे पहिल्यांदाच समोरून हवा येत असते. घुसमट जाणवते ती बहुतेकांना श्वास सोडताना.

सीपॅपची ही कल्पना ऑस्ट्रेलियन डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांची. 1980 साली सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलमध्ये त्यांनी ती पहिल्यांदा रुग्णावर वापरली. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला कायमचं भोक पाडून त्यातून श्वास घ्यायचा. सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेऊन तिच्यातून उलट हवा सोडली, आणि 1981 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सुरुवातीचे मास्क प्रत्येकाच्या नाकाचा साचा घेऊन बनवलेले असत आणि रोज रात्री सिलिकॉनच्या गोंदाने नाकाला चिकटवावे लागत. सकाळी तो गोंद सोलून काढायचा. आजच्या मास्कबद्दल कुरकुर करताना मला ते रुग्ण आठवतात, आणि तरीही मी कुरकुर करतो.

कोणता मास्क

मुख्य प्रकार तीन. नाकावर बसणारा नेझल मास्क, नाकपुड्यांच्या तोंडाशी दोन मऊ बोंडं टेकवणारा पिलो मास्क, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क.

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘तोंडाने श्वास घेता का?’ तुम्ही हो म्हणता, तो फुल फेस काढून देतो. ही घाई मला पटत नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नाकाच्या मास्कलाच आधी पसंती दिली आहे. फुल फेसला चेहऱ्याचा मोठा भाग हवाबंद करावा लागतो, म्हणून तो जास्त ठिकाणी गळतो. त्याचा खालचा भाग हनुवटीला मागे ढकलू शकतो, आणि जबडा मागे गेला की जीभही मागे जाते. अनेकदा दाबही जास्त लागतो. तोंडाने श्वास घेणाऱ्यांपैकी कितीतरी जण नाक चोंदलेलं असतं म्हणून तसा श्वास घेतात. नाकाचा पडदा वाकडा असेल, अ‍ॅलर्जी असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून नाक आधी मोकळं करून घ्यावं. मग नाकाचा मास्क बऱ्याच जणांना चालतो. ज्यांना खरोखर फुल फेसच लागतो, त्यांनी अर्थातच तोच घ्यावा.

दाढीवाल्यांना फुल फेस त्रास देतो, कारण सिलिकॉनची कड केसांवर नीट टेकत नाही. भरघोस मिशीवाल्यांनी पिलो लावून पाहावा. मिशी काढायचा सल्ला देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, बहुधा कुणाची हिंमत होत नसावी. कवळी वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती हमखास राहून जाते: दुकानात माप देताना कवळी तोंडात असते, रात्री ती वाटीत असते. कवळी काढली की गाल आत जातात, वरचा ओठ बसतो, आणि दुपारी चपखल बसलेला मास्क रात्री दोन्ही बाजूंनी गळतो. ज्या अवस्थेत झोपणार, त्याच अवस्थेत माप द्यावं.

आणखी एक. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या क्लिपा असतात. लावायला-काढायला सोप्या, पण पेसमेकर किंवा शरीरात धातूचं तत्सम उपकरण असलेल्यांनी त्या टाळाव्यात. शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तरीही. खरेदीच्या वेळी हे आपणहून सांगायचं.

पट्टा आवळू नका

मास्कची कड एकदा बोटांनी चाचपून पाहा. तिच्यात सिलिकॉनचे दोन पदर असतात. आतला जाडसर, बाहेरचा कांद्याच्या पातीसारखा पातळ. मशीन चालू झालं की हवा या पातळ पदराच्या आत शिरते, तो फुगतो आणि चेहऱ्याच्या चढउतारांवर स्वतःहून बसतो. हवाबंद करायचं काम या पदराचं. पट्ट्याचं काम मास्क जागेवर धरून ठेवण्यापुरतं.

हवा सुटली की माणूस पट्टा ओढतो. पातळ पदर चेपला जातो, त्याला फुगायला जागा उरत नाही, म्हणून हवा दुसरीकडून सुटते. मग तिथला पट्टा ओढायचा. असं दोन-तीनदा झालं की नाकाच्या दांडीवर लाल वळ उठतो, कपाळ दुखतं, आणि गळती होती तिथेच राहते. ज्याच्या नाकावर जखम झालीय त्याचा पट्टा मी आधी सैल करायला लावतो. त्याला ते उलटं वाटतं, पण लागू पडतं.

बसवायची रीत अशी. खुर्चीत नाही, अंथरुणात. रोजची उशी, रोजची कूस. आडवं झालं की गालाचं मांस खाली ओघळतं, चेहऱ्याचा आकार बदलतो, त्यामुळे बसून बसवलेला मास्क आडवं झाल्यावर बिनसतो. मशीन चालू करा. बहुतेक मशीनमध्ये मास्क फिट नावाची सोय असते, ती काही वेळ जास्त दाबाने हवा सोडते. सगळे पट्टे सैल करा, मास्क हाताने चेहऱ्यावर धरा, किंचित बाहेर ओढून कडेत हवा भरू द्या आणि हलकेच टेकवा. मग खालचे दोन पट्टे एकसारखे, थोडे थोडे. वरचे नंतर. हवा सुटायची थांबली की तिथेच थांबा, आणखी एक ‘खात्रीचा’ ओढ देऊ नका. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. डाव्या कुशीवर वळा, उजव्या कुशीवर वळा. नळी उशीखाली अडकून मास्क ओढला जातोय का, तेही तेव्हाच कळतं.

‘अहो, शिट्टी वाजतेय तुमची,’ असं रात्री दोनला कानावर आलं, तर मास्क काढून फेकायचा नाही. चेहऱ्यापासून जरा उचलायचा आणि पुन्हा टेकवायचा, म्हणजे घडी पडलेला पदर परत फुगतो. हवा डोळ्यात जात असेल तर सकाळी डोळे लाल आणि कोरडे होतात. त्याचा दोष बहुधा नाकाच्या दांडीपाशी असतो, किंवा मास्कचं माप मोठं असतं.

मास्कला समोर बारीक छिद्रं असतात, त्यांतून सतत सूं सूं करत हवा बाहेर जाते. ही गळती मुद्दाम ठेवलेली आहे. तुम्ही सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर पडतो. आवाज होतो म्हणून त्यावर चिकटपट्टी लावणारे महाभाग आहेत. कृपया लावू नका.

तेल हा आपल्याकडचा खास मुद्दा. रात्री डोक्याला खोबरेल चोपडून झोपायची सवय असेल तर पट्टे घसरतात. चेहऱ्यावरची क्रीम आणि दिवसभराचा तेलकटपणा यांनी सिलिकॉनची कड निसटते आणि लवकर खराबही होते. झोपण्यापूर्वी तोंड धुवायचं, आणि सकाळी मास्कची कड सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळत घालायची. उन्हात नको, डेटॉल नको, स्पिरिट नको.

पहिले काही दिवस

नाका-तोंडावर काहीतरी बांधलंय या जाणिवेनेच काहींची छाती धडधडते. हे भित्रेपणाचं लक्षण नाही. शरीराची ही साधी प्रतिक्रिया आहे आणि ती सरावाने मवाळ होते. सराव रात्री करू नये, कारण रात्री झोपही हवी असते आणि मास्कही झेपवायचा असतो. ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी पहिला आठवडाभर दुपारी नुसता मास्क लावून मेथी निवडली. नळी नाही, मशीन नाही, फक्त मास्क. दार वाजलं तर तशाच उठून दार उघडायच्या. कुरियरवाला मुलगा दचकला, त्यांना हसू आलं, आणि त्या हसण्यात त्यांची अर्धी भीती गेली असं त्याच सांगतात. मग त्यांनी नळी जोडून मशीन चालू केलं आणि मालिका पाहत बसल्या. मग दुपारची डुलकी. मग रात्र. पुढच्या पायरीवर छाती धडधडली तर मागच्या पायरीवर परत यायचं, एवढाच नियम. इतकं करूनही जमत नसेल तर डॉक्टरांना सांगावं. यासाठी वर्तनोपचाराची मदत मिळते. स्वतःच्या मनाने झोपेची गोळी मात्र घेऊ नये. काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात, आणि दारूही तेच करते.

मशीनमधल्या दोन सोयी या काळात उपयोगी पडतात. रॅम्प लावला की दाब सुरुवातीला कमी असतो आणि हळूहळू वाढतो, तोवर तुम्हाला झोप लागलेली असते. पण रॅम्पची सुरुवात 4 वर ठेवली तर काहींना उलट हवा कमी पडल्यासारखं वाटतं. तसं झालं तर ती थोडी वाढवून घ्या. दुसरी सोय श्वास सोडताना दाब काही अंशी उतरवते. तिला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलंय, पण काम एकच. ज्यांची तक्रार ‘श्वास सोडता येत नाही’ अशी असते, त्यांना तिने लगेच फरक पडतो.

मध्यरात्री जाग येते तर मास्क उशीशेजारी पडलेला, आणि कधी काढला ते आठवत नाही, हेही बहुतेकांचं होतं. उठून परत लावायचा. रोज एकाच वेळी निघत असेल तर त्या वेळेची गळती आणि दाब पाहायला लावा, बहुधा तिथे कारण सापडतं. पहिल्या काही रात्री स्वप्नं फार आणि फार स्पष्ट पडू शकतात. वर्षानुवर्षं तुटत आलेली स्वप्नांची झोप शरीर वसूल करून घेत असतं. काही जण पहिल्याच सकाळी ताजेतवाने उठतात, काहींना तो फरक यायला कित्येक आठवडे लागतात.

दुपारची वामकुक्षी सीपॅपविना घेऊ नये. घसा काही घड्याळ बघून मिटत नाही.

नाक, पाणी, पोट

सतत येणाऱ्या हवेने नाक कोरडं पडतं, चोंदतं, क्वचित रक्तही येतं. त्यासाठी मशीनला पाण्याची टाकी असते, ती हवा दमट करते. पाणी डिस्टिल्ड हवं. आरओच्या पाण्यात थोडे क्षार उरतातच, एखाद्या रात्रीपुरतं ठीक, पण रोज वापरलं तर टाकीच्या तळाला पांढरा थर बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी स्वस्त मिळतं म्हणून तेच ओतू का, असं मला एकापेक्षा जास्त जणांनी विचारलंय. नको. ते श्वासासाठी बनवलेलं नसतं. टाकीतलं उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाकायचं आणि टाकी धुवायची.

एसी लावलेल्या खोलीत किंवा डिसेंबरच्या थंडीत नळीत पाणी साचतं, गुडगुड आवाज येतो आणि पहाटे नाकावर थेंब पडतो. दमट, कोमट हवा थंड नळीत निवली की असं होतं. आर्द्रता थोडी कमी करा, नळीवर कापडी खोळ चढवा किंवा नळी पांघरुणाखालून घ्या. तापणारी नळी मिळते, पण आधी खोळीने भागतंय का पाहा. मशीन डोक्यापेक्षा खालच्या पातळीवर ठेवलं तर साचलेलं पाणी तुमच्याकडे येत नाही. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कित्येकांना आर्द्रतेचं बटण अगदी खाली चालतं. मशीनजवळ उदबत्ती किंवा डासांची कॉइल लावू नका, धूर सरळ तुमच्या नाकात ओढला जातो.

नाकात तूप किंवा व्हॅसलिन लावायची घरगुती सवय मास्कबरोबर सोडून द्यावी. तेलकट पदार्थ हवेच्या दाबाबरोबर आत ओढले जाऊ शकतात आणि सिलिकॉनही खातात. मिठाच्या पाण्याचा औषधी स्प्रे चालतो. अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टर वेगळा स्प्रे देतील.

सकाळी तोंडाला कोरड पडत असेल तर नाकाने आत गेलेली हवा तोंडावाटे निसटतेय असं समजावं. आधी नाक मोकळं करायचं, मग हनुवटीचा पट्टा, आणि त्यानेही भागलं नाही तर फुल फेस. ओठांना चिकटपट्टी लावायची जी फॅशन आलीय, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

हवा कधी कधी अन्ननलिकेत शिरते. सकाळी पोट फुगलेलं, ढेकरा, गॅस. डोक्याकडची बाजू थोडी उंच करून आणि रात्रीचं जेवण लवकर उरकून फरक पडतो. नाही पडला तर दाब कमी करता येईल का, हे डॉक्टर ठरवतील. माझं मत स्पष्ट आहे: आर्द्रता, रॅम्प, नळीचं तापमान यांच्याशी तुम्ही खुशाल खेळा, पण दाब स्वतःच्या मनाने बदलू नका.

मशीनचे आकडे

सकाळी पडद्यावर किंवा मोबाइलवर तीन गोष्टी दिसतात: किती तास लावलं, गळती किती, आणि मशीनने मोजलेला एएचआय. गळतीची मर्यादा मशीनवर अवलंबून असते. एका मोठ्या कंपनीच्या मशीनमध्ये मिनिटाला 24 लिटरच्या वर गेली की ती जास्त धरतात. एएचआय 5 च्या आत असेल तर उपचार लागू पडतोय. एखादी रात्र बिघडली म्हणून हवालदिल होऊ नका, आठवड्याचा कल पाहा. आकडा चढाच राहिला आणि त्यात ‘सेंट्रल’ किंवा ‘क्लिअर एअरवे’ प्रकारच्या घटना जास्त दिसत असतील, तर घसा उघडा असूनही मेंदू श्वासाची आज्ञा देत नाहीये. काहींना सीपॅप सुरू केल्यावर हे होतं, बऱ्याचदा आपोआप निवळतं, पण डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं.

‘रात्री चार तास लावलं तरी पुरे’ हे तुम्ही ऐकाल. हा चार तासांचा आकडा अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विम्यातून पसरला. पहिल्या तीन महिन्यांतल्या सलग 30 दिवसांत 70 टक्के रात्री किमान चार तास वापर दिसला, तरच ते पुढचे पैसे देतात. पैसे द्यायचे की नाहीत हे ठरवायला तो आकडा ठीक आहे, शरीराचा हिशेब वेगळा असतो. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, त्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात आणि अनेकांचा श्वास तेव्हाच जास्त अडतो. रात्री 11 ला लावून 3 ला काढणारा नेमके ते तास उघडे सोडतो.

इथे एक अडचणीची गोष्टही सांगायला हवी. ‘सेव्ह’ नावाचा मोठा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. भारतासह सात देशांतले, आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेले 2,700 हून अधिक रुग्ण त्यात होते. सीपॅपने त्यांचे पुढचे हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. दिवसाची पेंग कमी झाली, मनःस्थिती सुधारली, कामावरच्या रजा घटल्या. रुग्ण मशीन रात्री सरासरी 3.3 तासच लावत होते, म्हणून फायदा दिसला नाही असं काही तज्ज्ञ म्हणतात. वाद मिटलेला नाही. म्हणून ‘हे लावलं की हार्ट अटॅक येणार नाही’ असं विकणाऱ्याचं म्हणणं मी उचलून धरणार नाही. गाडी चालवताना डोळा न लागणं, माझ्या हिशेबी, एवढं एक कारणही भरपूर आहे.

सीपॅपने आजार बरा होत नाही, लावलं तेवढ्या रात्री तो आवरला जातो. वजन उतरलं तर कित्येकांचा एएचआय उतरतो. लठ्ठपणाबरोबर मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया असलेल्यांसाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर 2024 मध्ये टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाला मान्यता दिली. सौम्य-मध्यम आजारात जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरणही चालतं. हे पर्याय डॉक्टरांशी बोलायचे. मशीन मनाने बंद करून त्यांची वाट पाहत बसायचं नाही.

वीज, प्रवास, हॉस्पिटल

झोपेत लाइट गेली तर गुदमरू का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. फुल फेस मास्कमध्ये एक झडप असते, हवा बंद झाली की ती उघडते आणि बाहेरची हवा मिळते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. बहुतेक जण जागे होतात, वैतागतात आणि मास्क काढतात. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालतं. बॅटरी पुरवून वापरायची असेल तर पाणी तापवणं आणि नळी तापवणं बंद करा, जास्तीत जास्त वीज तेच खातात.

विमानात मशीन सामानात टाकू नका, हातात घ्या, बरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, आणि टाकी रिकामी करायला विसरू नका. रेल्वेच्या डब्यातले सॉकेट रात्री बंद ठेवले जातात, त्यांच्या भरवशावर राहू नये. गणपतीला गावी जाताना एक्स्टेंशन बोर्ड बरोबर घ्या. जुन्या घरात सॉकेट नेहमी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला असतो.

कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, अगदी मोतीबिंदूची किंवा हर्नियाची छोटी म्हणतात ती असली, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्लीप अ‍ॅप्निया आहे हे आधी सांगा. भुलीची आणि वेदनाशामक औषधं घशाचे स्नायू आणखी सैल करतात, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री धोका वाढतो. दाखल होताना मशीन न्या, आणि स्वतःचा मास्कही न्या. वॉर्डात मिळेल तो तुमच्या मापाचा असेलच असं नाही.